नारळाच्या बेटावर गेलेली विळी

मी एक विळी बोलतेय. खाली लाकडी पाट, त्यावर वाकलेलं लोखंडी पातं आणि पात्याच्या टोकाला दातेरी खोवणी. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. पण नारळ खोवायला जगाच्या दुसऱ्या टोकाला गेलेली आणि जाताना अर्धी झालेली एखादीच असेल. म्हणून सांगते.

माझा जन्म रेवदंड्याचा, साल एकोणीसशे एकसष्ट. पातं गावच्या लोहाराने घडवलं. पाट माझ्या मालकिणीच्या, हदासाच्या वडिलांनी परसातल्या फणसाचा काढला. ही माणसं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. घरात तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे. त्यांच्या शब्बाथचा दिवस तो. लेकीचं लग्न एझराशी ठरलं तेव्हा वडिलांनी भांड्यांच्या पेटीत सगळ्यात वर मला ठेवलं.

एझरा तेव्हा जहाजावर होता. साउथहॅम्प्टनहून सुटणाऱ्या एका मोठ्या बोटीच्या धुलाईखान्यात तो चादरी इस्त्री करायचा. सहासष्ट साली त्याने जहाज सोडलं, हदासाला बोलावून घेतलं आणि लंडनमधल्या ईलिंगला बस गॅरेजमध्ये नोकरी धरली. हदासा बोटीने आली, तिच्याबरोबर मीही आले. इंग्लंडची जमीन थंड होती. हदासा पाटाखाली वर्तमानपत्र पसरायची आणि स्वतःच्या पायाखाली उशी घ्यायची.

पुढची वीस-पंचवीस वर्षं माझी मजेत गेली. सणाला नारळ, पाहुण्याला नारळ, शुक्रवारच्या माशाच्या कालवणाला नारळ. लेक ईडन जन्मली, रांगायला लागली, तेव्हा मला उंच फळीवर ठेवायला लागले. मोठी झाल्यावर ती म्हणायची, "मम्मी, तू खाली का बसते? टेबल आहे ना."

हदासाच्या बोटांना संधिवात धरला आणि माझे दिवस फिरले. फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाची पाकिटं आली. मला बॉयलरखालच्या कपाटात ठेवलं. तिथे केर ओढायचा एक हूवर होता, दोन मोडक्या छत्र्या होत्या आणि ऊब होती. त्या उबेत माझ्या पाटाला खालून कीड लागली. बारीक बारीक भोकं पडली. मला ते कळत होतं, पण विळी कुणाला सांगणार?

त्या कपाटात पडल्या पडल्या मी एझराची एक गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल. जेवणाच्या टेबलावर नवा माणूस बसला की ती निघायचीच.

"त्रेसष्ट साली आमचं जहाज पॅसिफिकमधल्या एका बेटापाशी थांबलं. मोतूरेवा नाव. भोवती प्रवाळाचं कुंपण, आत जाता येईना. तिथले लोकच होड्या घेऊन बाहेर आले. शहाळी आणि फुलांचे हार घेऊन. पॅसेंजरांना उतरवलं. आम्हाला नाही. मी डेकवर उभा, हातात चादरींची टोपली. आतलं पाणी असं निळं, असं निळं..."

"झालं," हदासा म्हणायची, "आता हे तीनदा निळं म्हणतील."

"निळं," एझरा म्हणायचाच.

दोन हजार चार सालच्या नोव्हेंबरात एझराच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. दोन दिवस तो शुद्धीवर आला नाही. दुसऱ्या संध्याकाळी हदासा हॉस्पिटलमधून एकटी घरी आली. कोट न काढता तिने कपाट उघडलं, हूवर बाजूला ओढला आणि मला बाहेर काढलं. जमिनीवर ठेवून माझ्या पाटावर हात टेकला.

"एलियाहू हनाबी," ती मोठ्याने म्हणाली, "हा माणूस पायांनी चालत घरी येऊ दे. मी त्याला त्या बेटावर उतरवीन. आणि तिथे माझ्या हाताने नारळ खोवून तुमचा मलिदा करीन."

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, साखर, वेलची, सुकामेवा आणि पुष्कळसा ओला नारळ. भोवती पाच फळं मांडायची, प्रार्थना म्हणायची, मग सगळ्यांनी खायचं. एलियाहू हनाबी म्हणजे बायबलातले एलिया संदेष्टे, आणि त्यांना केलेला बेने इस्राएलांचा नवस असाच फिटतो.

एझरा चालत घरी आला. तेव्हापासून हदासाला चैन पडेना. नवस अर्धा राहिला तर मिळालेलं परत जातं, असं तिच्या मनाने घेतलं. एझरा जिना चढताना थांबला की हिच्या हातातला चमचा थांबायचा.

तिकिटं ईडनने काढली. ती तोवर स्लाऊमधल्या एका ऑफिसात कामाला होती आणि इंटरनेटवर सगळं शोधायची.

"शोल्डर सीझनमध्ये जा," ती म्हणाली. "मे महिना. वादळं संपलेली असतात आणि टूरिस्ट लोक अजून आलेले नसतात. बेट रिकामं."

"पेसाहचा सण झाल्यावर ना? मग चालेल," हदासा म्हणाली.

बॅग भरताना मोठा वाद झाला. पोह्यांची दोन पाकिटं गेली. बदाम, बेदाणे, वेलची गेली. जुन्या साडीत गुंडाळून मी गेले. आणि मग हदासाने ईलिंगच्या दुकानातून आणलेला नारळ माझ्या शेजारी ठेवला.

ईडन कपाळाला हात लावून बसली. "मम्मी, तू कोकोनट आयलंडवर कोकोनट घेऊन जाणार? सीरियसली?"

"तिथला कसा निघतो, कोणाला माहीत? नवसाचं काम आहे. हा मी कानाशी हलवून आणलाय."

"आणि हा विळी पण?"

"ही विळी. तीच तर जायला हवी."

दोन मोठी विमानं बदलून आम्ही एका गुरुवारी पहाटे त्या बेटांच्या समूहातल्या मोठ्या बेटावर उतरलो. मोतूरेवाला छोटं विमान इथून सुटतं. उतरलेल्यांना एक फॉर्म भरायचा होता. खाद्यपदार्थ आहेत का, बिया आहेत का, लाकूड आहे का. एझरा जन्माचा सरळ माणूस. त्याने सगळीकडे 'हो' लिहिलं.

तपासणीच्या टेबलामागे तेरे नावाचा धिप्पाड अधिकारी होता. त्याच्या कानामागे पांढरं फूल होतं. बाहेरून येणारी कीड झाडांना लागू नये, हे पाहणं त्याचं काम. त्याने बॅग उघडली आणि नारळ वर काढला. उलटासुलटा करून पाहिला.

"मॅडम, हा कुठून आणला?"

"ईलिंग," हदासा म्हणाली.

तेरेने मागे वळून त्याच्या भाषेत काहीतरी हाक मारली. तीन जण धावत आले. नारळ हातोहात फिरला. सगळे हसत होते, पण कसे, तर घरातला लहान मुलगा काही गमतीचं बोलला की हसतात तसे. हदासाही पदर तोंडाला लावून हसायला लागली. नारळ मात्र परत मिळाला नाही.

मग तेरेने साडी उलगडली. मला पाहून त्याचं हसू थांबलं. त्याने मला फरशीवर ठेवलं आणि युनिफॉर्मसकट घोड्यावर बसावं तसा दोन्हीकडे पाय टाकून माझ्यावर बसला. खोवणी त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये आली. हातात नारळ नसताना त्याचे हात नारळ फिरवल्यासारखे फिरले.

"ही आमच्याकडे आहे," तो म्हणाला. "घराघरात आहे. तुमच्या देशातही आहे?"

"आमच्या कोकणात," एझरा म्हणाला. कोकण कुठे आहे ते त्याने सांगितलं नाही आणि तेरेनेही विचारलं नाही.

मग तेरे उठला, मला उलटं केलं आणि माझा पाट टेबलावर आपटला. पांढरं पीठ पडलं. पिठात काहीतरी हललं.

मला लाज वाटली. इतकी वर्षं मी ती कीड पोटात घेऊन होते आणि आता या हिरव्यागार बेटांवर तिला आणलं होतं.

"हा पाट जाळावा लागेल," तेरे हळू आवाजात म्हणाला. "मला माफ करा. पण आमच्याकडे झाडांशिवाय दुसरं काही नाही. लोखंड मी धुऊन परत देतो."

हदासाने टेबलाची कड धरली. "माझ्या वडिलांनी केलाय तो."

तेरेने टोपी काढून टेबलावर ठेवली. एझराने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोच म्हणाला, "जाळा. तुमचं बरोबर आहे."

हातोडीच्या चार ठोक्यांत माझे दोन भाग झाले. चव्वेचाळीस वर्षांचा माझा पाट एका पिवळ्या पिशवीतून आत गेला. तेरेने माझं पातं उकळत्या पाण्याने धुतलं, पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं. मग विचारलं, "मोतूरेवावर कुठे राहणार?"

एझराने गेस्टहाउसचं नाव सांगितलं.

"तिथे एकच गेस्टहाउस आहे. ते माझ्या आईचं. तिला म्हणावं, तेरेने लाकूड जाळलंय, आता तूच दुसरं दे."

मोतूरेवावर विमानतळ म्हणजे गवताचा पट्टा आणि एक छप्पर. तेरेच्या आईला सगळे मामा वाइने म्हणत. तिथे वयस्क बाईला मामा म्हणतात, याचं हदासाला फार नवल वाटलं. मामा वाइने उंच, रुंद, पायात काही नाही. तिने दोघांच्या गळ्यात फुलांचे हार घातले. एझराने आपल्या हाराला हात लावून पाहिला. बेचाळीस वर्षांपूर्वी डेकवर त्याच्या गळ्यात कुणी हार घातला नव्हता.

गेस्टहाउसच्या व्हरांड्यात एका खिळ्याला मला अडकवलं. तिथून मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. समोर पाणी. काठाशी काचेसारखं, जरा पुढे हिरवं, मग निळं, आणि लांब प्रवाळाच्या कुंपणावर पांढरी रेघ. रेघेच्या पलीकडे समुद्र गर्जत होता आणि अलीकडे पाणी झोपलेल्या मुलासारखं शांत. एझरा खोटं बोलत नव्हता. तीनदा म्हणण्यासारखंच ते निळं होतं.

मधला मोसम म्हणून पाहुणे आम्हीच. पाऊस सरला होता, सकाळी थोडा शिडकावा व्हायचा तेवढाच. गर्दी यायला महिनाभर होता. त्यामुळे लोकांना वेळ होता. कोणी होडी रंगवत होतं, कोणी छप्पर शाकारत होतं, आणि हातातलं काम थांबवून सगळे बोलत होते. दारांना कुलपं नव्हती. घरांच्या अंगणातच घरच्यांच्या समाध्या होत्या, फुलं घातलेल्या. पोरं शाळेतून येताना त्यांच्यावर दप्तरं ठेवून खेळायची. हदासाला आधी ते कसंसंच वाटलं. मग ती म्हणाली, "बरं आहे. कुणी लांब जात नाही."

वाटेवर नारळ पडलेले असत आणि कुणी उचलत नसे.

"अहो, डुकरांना घालतात हो!" हदासा म्हणाली. "मी एकेक नारळ कानाशी हलवून घेते आणि इथे डुकरं खातात!"

"आणि तू एक घेऊन आली होतीस," एझरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

हदासाने मलिद्यासाठी रविवार ठरवला होता. सोमवारी सकाळी अकराला परतीचं विमान होतं. मामा वाइनेचा नवरा, पापा ताऊ, कमी बोलणारा सुतार होता. शुक्रवारी त्याने माझं पातं हातात घेतलं, अंगठ्याने दात तपासले आणि मान हलवली. त्याच्याकडे जुन्या होडीची एक फळी होती. ती निरफणसाची. तिथे होड्या त्याच्याच करतात. निरफणस म्हणजे आमच्या फणसाच्याच जातीतला, कोकणातही लावतात. ते ऐकून हदासाने फळीवर हात फिरवला.

दिवसभर त्याने फळी तासली, घासली. सूर्य कलला तेव्हा म्हणाला, "उद्या पातं ठोकतो."

शनिवारी सकाळी तो हातोडी घेऊन आला आणि हदासा आडवी आली.

"आज शब्बाथ आहे. आज माझ्या कामासाठी कोणी हातोडी उचलायची नाही."

पापा ताऊने हातोडी खाली ठेवली. "बरं. पण उद्या रविवार."

"मग?"

"रविवारी आम्ही काम करत नाही. कोणीच नाही. विमानसुद्धा येत नाही."

हदासाचा चेहरा उतरला. मामा वाइनेला मात्र एवढा आनंद झाला की तिने टाळ्या वाजवल्या. "तुमचा शनिवार, आमचा रविवार! देवाला दोन दिवस सुट्टी!"

शनिवारी एझरा आणि हदासा व्हरांड्यात बसून राहिले. रविवारी अख्खं बेट चर्चमध्ये गेलं आणि त्यांचं गाणं वाऱ्यावर आमच्यापर्यंत आलं. बायका एक सूर धरायच्या, पुरुष खालून दुसराच धरायचे, आणि दोन्ही मिळून लाटेसारखं अंगावर यायचं. एझरा डोळे मिटून ऐकत होता. हदासा मात्र माझ्याकडे बघत होती. पाटाशिवायची मी खिळ्यावर लटकत होते.

"नाही जमलं तर?" ती हळूच म्हणाली.

"जमेल," एझरा म्हणाला. पण त्याचा हात नकळत छातीवरच्या टाक्यांकडे गेला आणि ते तिने पाहिलं.

सोमवारी उजाडताच पापा ताऊ आला. पाच ठोके. माझं रेवदंड्याचं पातं मोतूरेवाच्या पाटात बसलं. नवा पाट गुळगुळीत होता, त्याला समुद्राचा वास होता. मी पुन्हा उभी राहिले.

मामा वाइनेने पाच फळं मांडली: केळी, पपई, संत्री, पेरू आणि एक फळ, ज्याचं नाव हदासाला उच्चारता येईना. पोहे भिजले. पापा ताऊने एका घावात नारळ फोडला. हदासा माझ्यावर बसली, पाय पाटावर दाबला, वाटी खोवणीला लावली आणि फिरवली.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाटी हातातून निसटली.

तिने उचलली, पुन्हा लावली. बोटं वळेनात. ताटात चिमूटभर खोबरं पडलं होतं.

"राहू दे, मामा वाइने करतील," एझरा म्हणाला.

"मी?" मामा वाइने म्हणाली. "इथे हे पुरुषांचं काम. नवऱ्याने नारळ खोवला नाही तर घरात चूल पेटत नाही." पापा ताऊ पुढे झालाच होता.

"नको," हदासा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "नवस माझा आहे. माझ्या हाताने म्हटलंय मी. माझ्या हाताने."

घड्याळात नऊ वाजले होते. मग एझरा पुढे आला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तो कधी माझ्यावर बसला नव्हता. त्याच्या घरात, त्याच्या बापाच्या घरात पुरुष विळीवर बसत नसत. आता तो गुडघ्यावर हात टेकत, कण्हत खाली आला.

"सरक," तो म्हणाला.

"अहो, तुम्हाला येतं का?"

"चादरी इस्त्री केल्यात दहा हजार. एक नारळ येणार नाही?"

नाही आला. पहिल्या फटक्यात त्याने खोबऱ्याबरोबर करवंटीही खरवडली.

"काळं येतंय, काळं येतंय!" हदासा ओरडली. "करवंटी खोवताय का? फिरवा, थोडं थोडं फिरवा!"

"फिरवतोय!"

"जोर नको हो, छातीला ताण पडेल!"

"एकतर जोर कर म्हण, नाहीतर नको म्हण!"

मामा वाइने खांबाला धरून हसत होती. पापा ताऊ मात्र गंभीरपणे म्हणाला, "शिकेल."

आणि शिकला तो. दुसऱ्या वाटीला पांढरंशुभ्र खोबरं पडायला लागलं. त्याच्या अंगातून घाम निथळत होता, पण श्वास सरळ चालला होता. मी त्याच्या इतकी जवळ होते की मला त्याच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. एकसारखे.

तो थांबला. "पण हदासा, हे तुझ्या हाताने नाही झालं. चालेल का एलियाहूंना?"

हदासाने त्याच्याकडे बघितलं. मग पदराने डोळे पुसले.

"तुमचे हे हात त्या रात्री गेले होते," ती म्हणाली. "मी नवस बोलून परत आणलेत. म्हणजे माझेच झाले. खोवा."

ताट भरलं. एझराने उभं राहून प्रार्थना म्हटली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, इथे तो एकटाच होता. हदासा म्हणाली, समजून घेतील. एलियाहूचं नाव कानावर पडताच पापा ताऊने टोपी काढली. त्यांच्या बायबलात तो त्यालाही माहीत होता. मग त्या व्हरांड्यात, पाण्याकडे तोंड करून चौघांनी मलिदा खाल्ला. पापा ताऊने तीनदा घेतला. हदासाने शेवटी ताट बोटाने पुसून घेतलं आणि किती महिन्यांनी मी तिला असं सैल होऊन बसलेलं पाहिलं. विमान अर्धा तास उशिरा आलं, आणि आम्हाला पोचवायला निम्मं गाव आलं होतं.

याला चार वर्षं झाली. आता मी ईलिंगलाच आहे, पण कपाटात नाही. दर शुक्रवारी सकाळी एझरा माझ्यावर बसतो. स्वयंपाकघरभर खोबरं उडतं. हदासा खुर्चीवर बसून सूचना करते. ईडन येते तेव्हा दोघांचा फोटो काढते आणि म्हणते, "डॅड, तू किती स्लो आहे." माझे दात झिजत आलेत. ते मला चालतं.

तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर माझी एकच विनंती आहे. तिला बाहेर काढा, उलटी करा, खालून नीट पाहा आणि घरात जो कधी तिच्यावर बसला नसेल त्याला बसवा. आणि जमलं तर एकदा मोतूरेवाला जा, मे महिन्यात, गर्दी यायच्या आधी. लोकांना तेव्हा तुमच्याशी बोलायला वेळ असतो. नारळ मात्र नेऊ नका.

बरं, येते मी. शुक्रवार आहे, आणि एझराने नारळ फोडलाय.